सांगलीत कमी दलालीवर घर विकताना : नवख्या विक्रेत्यासाठी पायरी-पायरीने माहिती

विश्रामबागेतील ६० लाखांचा फ्लॅट २ टक्के दलालीवर विकला, तर विक्रेत्याचे १,२०,००० रुपये दलालीत जातात. तोच फ्लॅट अर्धा टक्का घेणाऱ्याकडून विकला तर ३०,००० रुपये जातील, आणि ठरावीक रकमेवर काम करणारा एखादा मिळाला तर कदाचित २५,००० रुपयांतच भागेल. हे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, परंतु फरक साधारण याच मापाचा पडतो. वाचणाऱ्या ९० हजारांत नव्या घराचे बरेचसे फर्निचर होते, तेव्हा कमी दलाली घेणाऱ्याकडे मन ओढ घेते यात नवल नाही. मात्र हे ९० हजार म्हणजे घराच्या किमतीच्या दीड टक्का एवढीच रक्कम असते, आणि समोर बसलेला खरेदीदार चहाचा कप खाली ठेवता ठेवता ‘लाखभर कमी करा, आत्ता इसार (आगाऊ रक्कम) देतो’ असे म्हणाला व आपण भिडेखातर मान डोलावली, तर ती सगळी बचत त्या एका क्षणात संपते. म्हणून दलाल निवडण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करून घ्यावी : कमी पैशांत तो कोणती कामे करणार नाही, आणि ती कामे आपल्या घरातील कोण करणार?

आधी प्रकार ओळखावेत

आपल्याकडे ‘कमी दलाली’ या एका नावाखाली निदान चार वेगळे व्यवहार चालतात. पहिल्यात टक्का कमी असतो. दुसऱ्यात किंमत काहीही येवो, ठरावीक रक्कम द्यायची असते. तिसऱ्यात दलाल मालकाकडून काहीच घेत नाही, सगळी दलाली खरेदीदाराकडून वसूल करतो. चौथा प्रकार सर्वांत गोड बोलून पुढे केला जातो : ‘तुम्हाला ५५ लाख हातात मिळतील, वरचे जे येईल ते माझे.’

या चौथ्या प्रकाराला विक्रेत्याने सरळ नकार द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्याला घराची खरी किंमत ठाऊक नाही अशाच मालकापुढे हा प्रस्ताव ठेवला जातो. ५५ लाख ठरलेले घर दलालाने ६१ लाखांना विकले, तर मालकाने शून्य नव्हे, तब्बल ६ लाख रुपये दलाली दिलेली असते. शिवाय खरेदीखतात कोणती रक्कम लिहायची, वरची रक्कम कोणाच्या खात्यात जायची आणि तिच्यावरील कर कोणी भरायचा, असे प्रश्न पुढे उभे राहतात, आणि दस्तावर सही मालकाची असल्याने प्राप्तिकर खात्याची नोटीसही मालकालाच येते. भारतीय करार कायदा, १८७२ या बाबतीत विक्रेत्याच्या बाजूने आहे. मालकाच्या संमतीवाचून व महत्त्वाच्या गोष्टी लपवून अभिकर्त्याने, म्हणजे एजंटाने, त्याच व्यवहारात स्वतःचा धंदा केला, तर मालकाला तो व्यवहार नाकारता येतो किंवा त्यातून झालेला फायदा मागता येतो. पण कायद्याचा आधार असणे वेगळे आणि कोर्टाच्या पायऱ्या चढून तो प्रत्यक्षात मिळवणे वेगळे, हे सांगलीकराला समजावून सांगण्याची गरज नाही.

तिसऱ्या प्रकारात उघड गैर काही नाही. परंतु ज्याच्याकडून पैसे मिळतात त्याचे काम माणूस अधिक मनापासून करतो. खरेदीदाराकडून २ टक्के आणि आपल्याकडून काहीच नाही, अशा स्थितीत दलाल बोलणीच्या वेळी कोणाच्या बाजूला झुकेल याचा अंदाज विक्रेत्याने स्वतःच बांधावा.

इंटरनेटवर ‘डिस्काउंट ब्रोकर’ असे शोधले तर बहुतेक माहिती अमेरिकेची समोर येते, आणि ती जशीच्या तशी इथे लावणे चुकीचे ठरते. तिथे एका भागातील दलालांची विक्रीच्या घरांची सामाईक यादी असते. त्या यादीत घर चढले की त्या भागातील सगळे दलाल आपापल्या गिऱ्हाइकांना ते दाखवू शकतात, त्यामुळे थोडे पैसे देऊन केवळ यादीत नाव घालून घेण्याला तिथे मोठा अर्थ आहे. पूर्वी तिथे दोन्ही बाजूंच्या दलालांचे मिळून ५ ते ६ टक्के बहुधा विक्रेत्याच्याच पैशांतून जात. ऑगस्ट २०२४ पासून एका न्यायालयीन तडजोडीमुळे खरेदीदाराच्या दलालाचा मोबदला त्या यादीत जाहीर करणे बंद झाले. सांगलीत अशी सामाईक यादी नाही. इथल्या दलालाची खरी पुंजी म्हणजे त्याच्या मोबाईलमधील नंबर, दलालांचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आणि कोणत्या गल्लीत कोण घर शोधत आहे याची त्याच्या डोक्यातील नोंद. कमी पैशांत ही पुंजी आपल्यासाठी किती वापरली जाईल, हा इथला मूळ प्रश्न आहे.

पहिली पायरी : कागद

दलालाला फोन करण्याआधी किमान पंधरा दिवस कागदपत्रांसाठी द्यावेत. पूर्ण दलाली घेणारा जुना-जाणता एजंट तलाठी कार्यालय, नगर भूमापन कार्यालय आणि महापालिका यांच्या खेपा पुष्कळदा स्वतः घालतो. कमी दलालीवाला घालणार नाही, आणि त्याने घालाव्यात अशी अपेक्षाही रास्त नाही.

नगर भूमापन हद्दीतील मिळकतीसाठी मिळकत पत्रिका, म्हणजे आपण ज्याला सिटी सर्व्हेचा उतारा म्हणतो तो, लागतो. हद्दीबाहेरील जमिनीसाठी सातबारा, आठ-अ आणि संबंधित फेरफार लागतात. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावरून घरबसल्या मिळतो. त्याशिवाय मूळ खरेदीखत व त्याची सूची क्रमांक २ (इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा), बिगरशेती आदेश, बांधकाम परवानगी, भोगवटा प्रमाणपत्र, चालू वर्षाची घरपट्टी व पाणीपट्टीची पावती आणि वीजबिल एकत्र करावे. फ्लॅट असेल तर इमारत सहकारी संस्थेखाली आहे की अपार्टमेंट कायद्याखाली, हे आधी पाहावे. संस्थेत भागपत्र आणि ना-हरकत दाखला लागतो, तर अपार्टमेंटमध्ये घोषणापत्र आणि आपल्या सदनिकेचे नोंदलेले खत लागते. सांगलीत दुसऱ्या प्रकारच्या इमारती पुष्कळ आहेत, आणि कित्येक मालकांना आपण कोणत्या कायद्याखाली राहतो हे घर विकायला काढेपर्यंत ठाऊक नसते.

उताऱ्यावर अजून वडिलांचे किंवा आजोबांचे नाव असेल, तर जाहिरातीचा विचार बाजूला ठेवून आधी वारस नोंद करून घ्यावी. लग्न होऊन सासरी गेलेल्या बहिणींचा हक्कही कायद्याने शाबूत असतो, आणि ‘ताई काही म्हणणार नाही’ या भरवशावर कोणताही वकील खरेदीदाराला हिरवा कंदील दाखवत नाही. हक्क सोडायचा असेल तर हक्कसोडपत्र नोंदणीकृतच असावे लागते. उताऱ्यावर गृहकर्जाचा किंवा पतसंस्थेचा बोजा असेल तर कर्ज फिटल्याचा दाखला घेऊन तो उतरवून घ्यावा. वीस वर्षांपूर्वी फेडलेल्या कर्जाचा बोजा नोंदीत तसाच राहिल्याची उदाहरणे ठिकठिकाणी सापडतात.

गुंठेवारीचा विषय सांगली, मिरज आणि कुपवाडमध्ये स्वतंत्रपणे पाहावा लागतो. शेतजमिनीचे एक-दोन गुंठ्यांचे तुकडे पाडून वसलेल्या वसाहती नियमित करण्यासाठी राज्याने २००१ मध्ये गुंठेवारी कायदा केला आणि २०२१ मधील दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या प्रकरणांना त्याचा लाभ दिला. घर अशा वसाहतीत असेल, तर नियमितीकरणाचे प्रमाणपत्र हाताशी आहे की नाही यावर गिऱ्हाइकांची संख्या ठरते, कारण प्रमाणपत्राशिवाय बँकेचे गृहकर्ज मिळणे कठीण होते आणि मग केवळ रोकड जवळ असलेलेच खरेदीदार उरतात. असे खरेदीदार थोडे असतात, आणि आपण थोडे आहोत हे त्यांना पक्के ठाऊक असल्याने ते भावही तसाच करतात. अशा घरासाठी स्वस्त दलाल शोधण्यात वेळ घालवण्यापेक्षा आधी महापालिकेत जाऊन प्रकरण मार्गी लावणे अधिक फायद्याचे ठरते.

दुसरी पायरी : किंमत स्वतः काढणे

कमी दलालीवाल्याने सांगितलेल्या किमतीवर विसंबू नये. काहींना काम मिळवायचे असते म्हणून ते जास्त सांगतात, काहींना लवकर मोकळे व्हायचे असते म्हणून कमी सांगतात. संकेतस्थळांवरील जाहिरातींत दिसतो तो मागितलेला भाव असतो, मिळालेला नव्हे. मिळालेल्या भावाचा माग काढायचा असेल, तर नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ‘ई-सर्च’ सेवेत आपल्या गावाचे नाव, वर्ष आणि मिळकत क्रमांक घालून आसपासच्या नोंदलेल्या दस्तांची सूची क्रमांक २ पाहावी. आपल्याच इमारतीतील किंवा गल्लीतील गेल्या दोन वर्षांतले तीन-चार व्यवहार मिळाले तरी पुरेसे होतात. दस्तात लिहिलेली रक्कम खऱ्या रकमेपेक्षा कमी असू शकते हे ध्यानात ठेवून शेजाऱ्यांकडेही चौकशी करावी.

त्याच वेळी वार्षिक बाजारमूल्य दर तक्ता, म्हणजे रेडी रेकनर, पाहून ठेवावा. नवे दर लागू व्हायचे असतील तर ते १ एप्रिलपासून होतात. विक्रीची रक्कम या शासकीय मूल्याहून कमी असेल आणि शासकीय मूल्य विक्रीच्या रकमेच्या ११० टक्क्यांपलीकडे जात असेल, तर आपल्याला प्रत्यक्षात न मिळालेल्या पैशांवरही भांडवली नफा मोजला जातो. खरेदीदारालाही मुद्रांक शुल्क जास्त मूल्यावरच भरावे लागते. जुन्या, पडझडीला आलेल्या घरांच्या बाबतीत हा प्रश्न हमखास येतो.

क्षेत्रफळ सांगतानाही घोळ होतो. फ्लॅटचे कार्पेट किती आणि बिल्ट-अप किती, हे कागदावर पाहून दोन्ही लिहून ठेवावे. जागा गुंठ्यांत सांगायची असेल तर १ गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट हा हिशेब पक्का असावा, कारण बोलताना ‘हजार फुटांचा गुंठा’ म्हणण्याची सवय व्यवहारात ८९ फुटांचा वाद निर्माण करते.

तिसरी पायरी : दलाल पारखणे

किमान तिघांना भेटावे, त्यांपैकी एक पूर्ण दलाली घेणारा असावा. त्याला भेटल्याशिवाय कमी पैशांत काय गळते ते कळत नाही. प्रत्येकाला गेल्या वर्षभरात आपल्याच भागात कोणती घरे विकली हे विचारावे आणि त्यांतील एखाद्या विक्रेत्याशी बोलावे. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीलगतची प्लॉटिंग विकणारा माणूस गावभागातील जुन्या वाड्याचा हिस्सा विकण्यात तितकाच वाकबगार असेल असे नाही.

रिअल इस्टेट कायदा, २०१६ नुसार नोंदणीकृत प्रकल्पांतील सदनिकांचे व्यवहार जुळवणाऱ्या एजंटाने महारेराकडे, म्हणजे या कायद्याखालील राज्याच्या प्राधिकरणाकडे, नोंदणी करणे बंधनकारक आहे, आणि महारेराने त्यासाठी प्रशिक्षण व परीक्षाही आवश्यक केली आहे. केवळ जुनी घरे विकणारा दलाल या चौकटीबाहेर असू शकतो, तेव्हा नोंदणी क्रमांक नसला म्हणून तो लबाड ठरत नाही. क्रमांक सांगत असेल तर मात्र तो महारेराच्या संकेतस्थळावर तपासून पाहावा.

एक प्रश्न कोणी विचारत नाही आणि तोच सर्वांत महत्त्वाचा आहे : ‘दुसऱ्या एजंटाने गिऱ्हाईक आणले तर त्याला काय मिळणार?’ सांगलीत बरेच व्यवहार दोन दलालांच्या साखळीतून होतात. एकाकडे घर असते, दुसऱ्याकडे पार्टी. आपल्या दलालाला २५ हजारच मिळणार असतील, तर त्यांतून तो दुसऱ्याला काय वाटून देणार? मग दुसरे दलाल त्यांची पार्टी आपल्या घराकडे फिरकू देत नाहीत. यावर उपाय म्हणजे दुसऱ्या एजंटाने स्वतःच्या खरेदीदाराकडून दलाली घ्यावी, त्यात आपल्या दलालाने हिस्सा मागू नये, असे सुरुवातीलाच ठरवून टाकणे आणि ते इतर एजंटांपर्यंत पोहोचू देणे.

चौथी पायरी : लेखी करार

आपल्याकडे दलाली तोंडी ठरते आणि वाद मात्र मोठ्याने होतात. माझ्या मावसभावाने तीन वर्षांपूर्वी आपले रो-हाऊस ठरावीक रकमेवर काम करणाऱ्या एका एजंटाकडे दिले. तीन महिन्यांत चार माणसे घर पाहून गेली. पुढे गिऱ्हाईक मिळाले ते त्याच्या शाळेतील मित्रांच्या ग्रुपवरून, आणि एजंटाने तरीही पूर्ण रक्कम मागितली, कारण सही केलेल्या एका पानी कागदात ‘या मुदतीत घर कोणाकडूनही विकले गेले तरी मोबदला देय राहील’ असे वाक्य होते. भावाने ते वाचले होते. त्याचा अर्थ त्याच्या लक्षात आला नव्हता. पैसे द्यावे लागले.

म्हणून करार ५०० रुपयांच्या मुद्रांकावर करावा आणि त्यात पुढील गोष्टी साध्या मराठीत लिहाव्यात. मुदत ९० दिवसांपेक्षा जास्त नसावी. काम एकट्या त्याच्याकडेच आहे की इतरांनाही देता येईल, आणि मालकाने स्वतः गिऱ्हाईक आणले तर काही द्यायचे की नाही, हे स्पष्ट असावे. दलालाने आणलेल्या व्यक्तींची नावे त्याने तारखेनिशी कळवावीत, आणि मुदत संपल्यावर पुढच्या तीन महिन्यांत त्यांच्यापैकीच कोणी घर घेतले तर मोबदला द्यावा. ही अट दलालासाठी न्याय्य आहे आणि ती नाकारणाऱ्या मालकालाही मी शहाणा म्हणणार नाही. फोटो, जाहिरात आणि संकेतस्थळाचे शुल्क मोबदल्यात धरले आहे की वेगळे, हे लिहावे. खरेदीदाराकडून तो किती घेणार आहे, हेही लिहून घ्यावे. मोबदल्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागणार आहे का, तेही विचारावे. वर्षाला २० लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या सेवा पुरवठादाराला नोंदणी साधारणपणे सक्तीची नसते, तेव्हा क्रमांक नसताना कर मागितला तर तो देऊ नये.

मोबदला कधी द्यायचा याबाबत ठाम राहावे. इसाराच्या दिवशी पूर्ण दलाली घेणाऱ्या दलालाला पुढील कामात रस उरत नाही, आणि खरेदीदाराचे कर्ज नामंजूर होऊन व्यवहार मोडला तर दिलेले पैसे परत मिळवणे अवघड होते. खरेदीखताच्या नोंदणीच्या दिवशी, धनादेशाने किंवा बँकेतून, पावती घेऊन रक्कम द्यावी. ती पावती जपून ठेवावी; तिचे काम शेवटी आहे.

मोबदल्याची एक रचना मला स्वतःला आवडते. ठरावीक २५,००० रुपये, आणि ५८ लाखांच्या वर जी रक्कम मिळेल तिच्या ५ टक्के. यात ‘वरचे माझे’ या प्रकारातील लपवाछपवी नाही, कारण सगळे आकडे उघड असतात आणि पूर्ण रक्कम दस्तात येते. आणि दलालाला वरच्या लाखासाठी झटण्याचे कारणही मिळते.

पाचवी पायरी : घर दाखवणे

हे काम आता आपले आहे, असे समजूनच चालावे. सकाळच्या उजेडात, खोल्या आवरून, मोबाईल आडवा धरून दहा-बारा फोटो काढावेत. वाळत घातलेले कपडे त्यांत नसावेत. मॅजिकब्रिक्स किंवा ९९ एकर्स यांसारख्या संकेतस्थळांवर मालक म्हणून स्वतःची जाहिरात देता येते. जाहिरातीत क्षेत्रफळ, मजला, दिशा, पार्किंग, पाण्याची सोय आणि कर्जयोग्य कागदपत्रे आहेत की नाहीत एवढे लिहिले की निम्मे फोन वाचतात. पत्त्यात इमारतीचे नाव द्यावे, घर क्रमांक देऊ नये.

सांगलीत घर पाहायला आलेला माणूस दारातच विचारतो, ‘२०१९ ला पाणी कुठवर आलं होतं?’ ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली होती, आणि तिथली धोक्याची पातळी आहे ४५ फूट. २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. या प्रश्नाला फिरवून उत्तर देऊ नये. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ नुसार मिळकतीतील जो महत्त्वाचा दोष विक्रेत्याला ठाऊक आहे आणि खरेदीदाराला साध्या दक्षतेने कळण्यासारखा नाही, तो उघड करणे विक्रेत्याचे कर्तव्य आहे. शिवाय इथे लपवून उपयोगही होत नाही, शेजारच्या किराणा दुकानदाराला भिंतीवरची खूण पाठ असते. पाणी आले असेल तर किती फूट, किती दिवस, नंतर वायरिंग आणि गिलावा केव्हा केला, हे पावत्यांसह सांगावे. आले नसेल, तर मिळकत निळ्या व लाल पूररेषेच्या बाहेर आहे हे दाखवणारा महापालिकेचा कागद मिळवून ठेवावा. असा कागद हाताशी असलेला विक्रेता किमतीवर ताठ राहू शकतो.

वेळेचेही थोडे भान ठेवावे. पितृपक्षात घर पाहणारे कमी होतात आणि जुलै-ऑगस्टमध्ये सगळ्यांचे लक्ष नदीकडे असते. द्राक्ष-बेदाण्याचा पैसा हातात आल्यावर तासगाव, कवठेमहांकाळकडील कुटुंबे मुलांच्या शिक्षणासाठी शहरात घर शोधू लागतात, आणि नवी शाळा जूनमध्ये सुरू होण्याआधी त्यांना राहायला यायचे असते. फेब्रुवारीत जाहिरात देणाऱ्याला हे गिऱ्हाईक गाठता येते.

सहावी पायरी : बोलणी

पूर्ण २ टक्के घेणाऱ्या दलालालाही आपल्या किमतीत वाढलेल्या प्रत्येक लाखामागे २,००० रुपयेच मिळतात, आणि ठरावीक रकमेवाल्याला काहीच मिळत नाही. त्यामुळे ‘साहेब, सोडू नका ही पार्टी’ हा सल्ला दोघेही देतील. त्यात त्यांचा दुष्टपणा नाही, त्यांचा हिशेब आहे. आपला सर्वांत खालचा आकडा दलालाला कधीही सांगू नये. तो घरातील दोघांनीच ठरवावा, कागदावर लिहावा आणि कपाटात ठेवावा. बैठकीत लगेच होकार देऊ नये. ‘घरी विचारून उद्या सांगतो’ हे वाक्य आपल्याकडे कोणालाही खटकत नाही, आणि त्याने एक रात्र मिळते. भीड पडणारा स्वभाव असेल, तर बोलणीला आपल्याऐवजी एखादी खमकी आत्या किंवा मेहुणा पाठवावा. घरात असे कोणीच नसेल आणि आपल्यालाही वेळ नसेल, किंवा आपण पुण्या-मुंबईत वा परदेशात राहत असू, तर पूर्ण दलाली देऊन चांगला एजंट घ्यावा. अशा विक्रेत्याला कमी दलाली परवडत नाही.

सातवी पायरी : इसारापासून खरेदीखतापर्यंत

इथे दलाल स्वस्त असो वा महाग, वकील आपला स्वतःचा असावा. दलालाने सुचवलेला आणि दोन्ही पक्षांचे काम पाहणारा वकील घेऊन वाचणारे थोडे पैसे वाचवू नयेत. खरेदीदाराचा वकील मिळकतीच्या मालकीच्या साधारण ३० वर्षांच्या नोंदींचा शोध घेईल आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देईल. कागद पहिल्या पायरीतच तयार केले असतील तर याची चिंता उरत नाही.

इसाराची रक्कम थेट आपल्या खात्यात घ्यावी, दलालाच्या खात्यात किंवा हातात नव्हे. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास २०१५ पासून मनाई आहे, आणि तसे केल्यास तितकाच दंड स्वीकारणाऱ्यावर, म्हणजे विक्रेत्यावर, बसू शकतो. साठेखतात, म्हणजे खरेदीखताआधीच्या विक्रीच्या करारात, उरलेली रक्कम कोणत्या तारखेपर्यंत, कर्ज नामंजूर झाल्यास इसाराचे काय, आणि ताबा केव्हा, या तीन गोष्टी असल्याच पाहिजेत. पूर्ण पैसे मिळेपर्यंत किल्ली देऊ नये, ‘फक्त रंगकाम करून घेतो’ म्हटले तरी देऊ नये. मूळ कागदपत्रे दलालाच्या स्वाधीन करू नयेत, कोऱ्या कागदावर सही करू नये, आणि धावपळ वाचावी म्हणून दलालाच्या नावे कुलमुखत्यारपत्र तर मुळीच देऊ नये.

मुद्रांक शुल्क रूढीने खरेदीदार भरतो. महापालिका हद्दीत ते स्थानिक अधिभारासह ६ टक्के असते, एकट्या स्त्रीच्या नावे निवासी घर घेतल्यास त्यात १ टक्का सवलत मिळते, आणि नोंदणी फी १ टक्का, कमाल ३०,००० रुपये असते. हे आकडे विक्रेत्याला ठाऊक असावेत, कारण खरेदीदार आपल्या कुवतीचा हिशेब हे धरूनच करत असतो. नोंदणीच्या दिवशी दोन साक्षीदार, आधार व पॅन लागते. मार्चअखेर दुय्यम निबंधक कार्यालयात गर्दी उसळते, तेव्हा तारीख आधी घ्यावी.

आठवी पायरी : कर आणि नावे

विक्रीची किंमत किंवा शासकीय मूल्य ५० लाख वा अधिक असेल, तर खरेदीदार १ टक्का कर कापून भरतो. ६० लाखांच्या व्यवहारात आपल्याला ६०,००० रुपये कमी मिळाले म्हणून घाबरू नये, पण ती रक्कम आपल्या पॅनवर जमा झाली की नाही हे प्राप्तिकर संकेतस्थळावर नक्की पाहावे. विक्रेता अनिवासी असेल तर कपातीचे नियम निराळे व बरेच जड आहेत.

दोन वर्षांहून अधिक काळ मालकीचे असलेले घर विकल्यास नफ्यावर १२.५ टक्के कर आहे. घर २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेले असेल तर निवासी व्यक्तीला महागाई निर्देशांक लावून २० टक्क्यांचा जुना हिशेब करून जो कमी भरेल तो निवडता येतो. वडिलोपार्जित घर १ एप्रिल २००१ पूर्वीचे असेल, तर त्या तारखेचे मूल्य धरण्यासाठी मान्यताप्राप्त मूल्यांकनकाराचा अहवाल घ्यावा. ही गणिते सनदी लेखापालाकडून इसारापूर्वीच करून घेणे चांगले, कारण दुसऱ्या घरात गुंतवणूक करून कर वाचवायचा असेल तर त्याच्या मुदती विक्रीच्या तारखेपासून मोजल्या जातात. आणि जपून ठेवायला सांगितलेली दलालीची पावती इथे कामाला येते : विक्रीसाठी दिलेली दलाली नफ्यातून वजा होते. पावती न देणारा दलाल म्हणूनच दिसतो तेवढा स्वस्त नसतो.

खरेदीखत झाल्यावर घरपट्टी, पाणीपट्टी आणि महावितरणचे नाव बदलण्याच्या अर्जांवर त्याच आठवड्यात सह्या करून पोच घ्यावी. सहकारी संस्था असेल तर महापालिका क्षेत्रात हस्तांतरण अधिमूल्य कमाल २५,००० रुपयेच घेता येते, हे संस्थेच्या सचिवांना नम्रपणे सांगावे. ताबा देताना वीजमीटरच्या आकड्याचा फोटो काढावा आणि किल्ल्या किती दिल्या ते ताबा पावतीवर लिहून खरेदीदाराची सही घ्यावी.